छापलेला चौकोन उघडला पाहिजे

मागच्या अंकात मी विचारलं होतं की जाहिरातीत, पत्रकात, पत्रिकेत क्यूआर कोड छापताना तुम्हाला काय अडचणी येतात ते कळवा. पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आले, दोघांनी तर छापलेला कागदच पाकिटात घालून पाठवला. कागद पाठवणाऱ्यांचे खास आभार, कारण हा आजार फोटोत दिसत नाही, तो कागदावरच बघावा लागतो.

माझं भांडवल एवढंच की सांगलीत गणपती पेठेजवळ आमचा छापखाना आहे. 1994 साली मी लग्न होऊन या घरात आले, तेव्हा सासरे ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छपाई यंत्रावर, लग्नपत्रिका छापायचे आणि मी त्यांच्या शेजारी बसून अक्षरांचे खिळे जुळवायला शिकले. त्याच वर्षी तिकडे जपानात डेन्सो कंपनीतल्या मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला हा चौकोन तयार केला. आज आमच्या टेबलावर येणाऱ्या कामांत रोज एकात तरी तो असतो, आणि तो नीट उघडेपर्यंत मी मशीन चालू करू देत नाही.

ताई, स. न. आमचा बेदाण्याचा घरगुती व्यवसाय आहे. दिवाळीआधी पाच हजार पत्रकं छापून पेपरातून वाटली. त्यावर दुकानाच्या नकाशाचा कोड होता. लोक म्हणतात, फोन धरला तरी काहीच होत नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावर मात्र तोच कोड लगेच उघडतो. छपाईवाल्याने फसवलं का? पत्रक सोबत जोडलं आहे. — बेदाणा उत्पादक, तासगाव

दादा, तुमचं पत्रक मी भिंगाखाली धरलं. फसवलं कुणीच नाही, पण चुका तीन झाल्या आहेत आणि तिन्ही समजून घेण्यासारख्या आहेत.

पहिली चूक डिझाइनच्याही आधीची आहे. तुम्ही नकाशावरून जी लिंक उचलली तिला लांबलचक शेपूट आहे. माझ्या अंदाजाने ती पावणेदोनशे-दोनशे अक्षरांची असणार, कारण कोडाच्या एका बाजूला मी घरं, म्हणजे आतले बारके काळे-पांढरे चौकोन, मोजली तर ती 57 भरली. कोडाचा नियम सोपा आहे. आत जितकी अक्षरं जास्त, तितकी घरं जास्त. सगळ्यात लहान कोड 21 बाय 21 घरांचा असतो आणि सगळ्यात मोठा 177 बाय 177 चा. तुमचा कोड दीड सेंटिमीटरचा छापलाय. दीड सेंटिमीटरमध्ये 57 घरं बसवली की एक घर जेमतेम पाव मिलिमीटरचं होतं. आर्ट पेपरवर, चांगल्या मशीनवर ते एक वेळ निभावलं असतं. पण पत्रकाला तुम्ही वापरलाय पातळ मॅपलिथो. असा कागद शाई पितो आणि ठिपका फुगतो. भिंगातून बघितलं तर तुमच्या कोडातली बारकी पांढरी घरं काही ठिकाणी पार बुजून गेली आहेत. फोनला पांढरं आणि काळं यांतला फरक हवा असतो, आणि तोच तिथे उरलेला नाही.

हीच लिंक छोटी करून पंचवीस अक्षरांत आणली असती, तर कोड 25 बाय 25 चा झाला असता. तोच कोड अडीच सेंटिमीटरचा छापला की एक घर बरोबर एक मिलिमीटरचं. मग कागद कितीही शाई प्यायला तरी तो वाचला गेला असता.

दुसरी चूक रंगाची. कोडाच्या कडेला भिंगातून बारीक गुलाबी आणि निळी झालर दिसते. म्हणजे काळा रंग एकट्या काळ्या प्लेटचा नाही, रंगीत छपाईच्या निळ्या, गुलाबी, पिवळ्या, काळ्या अशा चारही प्लेटांचा मिळून आलाय. इंटरनेटवरून उचललेलं चित्र कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून तसंच सोडलं की हे होतं. चार प्लेटा केसभर जरी सरकल्या, म्हणजे रजिस्टर जरा हललं, की प्रत्येक घराला सावली पडते. फोटोला ते चालून जातं, कोडाला चालत नाही. डिझाइन करणाऱ्याला सांगायचं की कोड शंभर टक्के काळ्यात, एकाच प्लेटवर हवा. आणि फाइल पीडीएफ किंवा एसव्हीजीमध्ये द्यायची, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला स्क्रीनशॉट नाही.

तिसरी चूक हौसेची. पत्रकाभोवती द्राक्षाच्या वेलीची सुंदर चौकट आहे आणि तिची दोन पानं कोडाला चिकटली आहेत. कोडाभोवती चारही बाजूंनी चार घरांएवढी कोरी जागा लागते. ती मोकळी नसेल तर कोड कुठे सुरू होतो हे फोनला कळत नाही.

पडद्यावर तो उघडतो, कारण पडद्याला स्वतःचा उजेड असतो, कडा रेखीव असतात आणि तुम्ही तो हवा तेवढा मोठा करून बघता. म्हणून पडद्यावरची परीक्षा धरायचीच नाही. ज्या कागदावर छापायचं त्याच कागदावर, त्याच मापात एक प्रूफ काढायचं आणि दोन साध्या, जुन्या फोनवर बघायचं. एकदा दिवसा, एकदा संध्याकाळी घरातल्या ट्यूबलाइटखाली. तुमच्या छपाईवाल्यानेही मशीन सुरू करण्याआधी एकदा फोन धरायला हवा होता, एवढा त्याचा दोष नक्की आहे.

उरलेली पत्रकं टाकू नका. फोन नंबर आणि दुकानाच्या खुणेचा रबरी शिक्का करून घ्या आणि कोडाच्या शेजारी मारा. घरची माणसं बसली तर एका दुपारचं काम आहे.

आमचं कोल्हापुरी चपलांचं दुकान आहे. दुकानाच्या चिन्हात चपलेचा जोड आहे. तो कोडाच्या मधोमध हवा आणि कोड मरून रंगावर सोनेरी हवा, अशी घरच्यांची इच्छा आहे. डिझाइनर म्हणतो होईल, छापखाना म्हणतो नको. — कोल्हापूर

चिन्ह मधोमध टाकता येतं, सोनेरी मात्र नको.

कोडात तीच माहिती थोडी दोनदा लिहिल्यासारखी असते, म्हणजे काही भाग पुसला, फाटला तरी बाकीच्यावरून ती भरून काढता येते. हे बळ चार पायऱ्यांचं मिळतं, साधारण 7, 15, 25 आणि 30 टक्के. चिन्ह टाकायचं तर सगळ्यात वरची, 30 टक्क्यांची पायरी निवडायला सांगा. पण म्हणून 30 टक्के जागा चपलेला देऊ नका. ते बळ डागासाठी, सुरकुतीसाठी, छपाईतल्या उण्यादुण्यासाठी राखून ठेवायचं असतं. मी दहाव्या भागाच्या वर चिन्ह जाऊ देत नाही. आणि बळ वाढवलं की घरंही वाढतात, त्यामुळे लिंक छोटी आणि कोड मोठा, हे दोन्ही आलंच.

तीन कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकोनांना मात्र हात लावायचा नाही. गोल कर, फूल कर, चपलेचा अंगठा कर, असे प्रकार हल्ली बघते म्हणून सांगते. ते चौकोन बनवताना हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे केलं ते आम्हा छपाईवाल्यांना फार जवळचं आहे. त्यांनी पत्रकं, मासिकं, पुठ्ठ्याची खोकी असा छापील माल गोळा करून त्यात काळ्या-पांढऱ्याची कोणती प्रमाणं येतात ते तपासलं आणि जे प्रमाण सगळ्यात कमी आढळतं ते निवडलं. 1:1:3:1:1. काळं एक भाग, पांढरं एक, काळं तीन, पांढरं एक, काळं एक. या चौकोनाच्या मधोमधून कोणत्याही दिशेने रेघ मारा, हेच प्रमाण येतं. म्हणून पानभर मजकुरात, चित्रात, चौकटीत फोन चुकत नाही, हाच कोड असं लगेच ओळखतो. एवढ्या कष्टाने शोधलेली खूण आपण नक्षीसाठी मोडू नये.

रंगाचं एवढंच सांगते की गडद घरं, फिकट जमीन. मरून घरं क्रीम कागदावर चालतील, छान दिसतील. सोनेरी शाई उजेड परत फेकते, आणि मरूनवर सोनेरी म्हणजे उलटा कोड, गडदावर फिकट. काही फोन तो वाचतात, काही नाही. गिऱ्हाइकाचा फोन कोणता ते आपल्या हातात नसतं.

गुहागरला आमचं घरगुती निवासस्थान आहे. हमरस्त्यावर वीस फुटी फ्लेक्स लावायचा आहे. त्यावर कोड केवढा घ्यावा? — गुहागर

घेऊच नका. अंदाज असा की जितक्या अंतरावरून वाचायचा त्याच्या दहाव्या भागाएवढा कोड लागतो. रस्त्यापासून पंधरा मीटरवर बोर्ड असेल तर दीड मीटरचा कोड झाला. तो छापता येईल हो, पण चालत्या गाडीतून तो कोण धरणार? चालवणाऱ्याने फोन उचलावा असं तर आपल्याला मुळीच वाटत नाही. फ्लेक्सवर नाव, बाण, किती किलोमीटर आणि नंबर, एवढंच ठेवा, मोठ्या अक्षरात. कोड लावायचा तर जिथे माणूस थांबतो तिथे लावा. एसटी स्टँडजवळचं हॉटेल, चहाची टपरी, जेटीवरची तिकीट खिडकी, अर्थात परवानगी घेऊन. तिथेही चकचकीत लॅमिनेशन नको, मॅट घ्या. चकचकीत कागदावर दिव्याचा डाग पडतो आणि तो नेमका कोडावर पडतो.

मी नाशिकला एका छोट्या जाहिरात संस्थेत काम करते. बांधकाम व्यावसायिकांच्या जाहिराती करते. महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, कोड टाकावा लागतो, तो जाहिरातीचं रूप बिघडवतो असं मालकांचं म्हणणं आहे. आमच्याच वेबसाइटचा कोड मोठा आणि महारेराचा छोटा कोपऱ्यात टाकला तर चालेल का? — नाशिक

नाही चालणार. आणि नियम बाजूला ठेवला तरी असं करू नये असं माझं मन सांगतं.

1 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्रात गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराने दिलेला कोड ठळकपणे छापणं बंधनकारक आहे, नोंदणी क्रमांक आणि महारेराच्या संकेतस्थळाच्या पत्त्यासोबत. न छापल्यास पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. नंतर 2025 मध्ये जागाही ठरवून दिली गेली, जाहिरातीच्या वरच्या उजव्या भागात आणि संपर्काच्या अक्षरांपेक्षा बारीक नाही. त्यामुळे तळाच्या कोपऱ्यात टिकलीएवढा कोड, ही वाट बंद आहे.

आता मालकांना हे सांगून बघा. घर घेणारा माणूस आयुष्याची कमाई लावतो. पूर्वी त्याच्यापुढे फक्त रंगीत चित्र असायचं, पोहण्याचा तलाव, झाडं, हसरं कुटुंब. आता त्याच पानावरून तो प्रकल्पाची नोंदणी, पूर्ण व्हायची तारीख, आराखड्यात झालेले बदल, असलेल्या तक्रारी बघू शकतो. क्यूआर कोडाचा जाहिरातीतला याहून चांगला उपयोग मी तरी पाहिलेला नाही, कारण इथे कोड विकणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याच्या बाजूने उभा आहे. ज्याचं काम चोख आहे त्याने तो मोठा छापावा आणि खाली लिहावं, ‘आमच्या प्रकल्पाची सरकारी नोंद इथे बघा.’

करायच्या गोष्टी तुमच्या हातात आहेत. वर्तमानपत्रात दोन सेंटिमीटरपेक्षा लहान करू नका, खाली रंगीत पट्टी किंवा आकाशाचा फोटो ठेवू नका, पांढरा चौकोन द्या. दोन कोड शेजारी शेजारी तर अजिबात नकोत. फोन भलताच उचलतो आणि वाचणारा गोंधळतो. तुमच्या वेबसाइटचा पत्ता अक्षरांत छापा.

आमचा छोटा दिवाळी अंक आहे. गेल्या वर्षी अकरा जाहिरातींत कोड होते. जानेवारीत वाचकांचे फोन आले की चार कोड उघडत नाहीत. जाहिरातदार म्हणतात, दिवाळी झाली, आता काय! पण लोक आम्हाला बोलतात. यंदा काय करावं? — संपादक, अकोला

संपादक महाशय, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण हीच चूक माझ्या हातून झाली आहे.

2021 च्या दिवाळी अंकात आमच्या एका साड्यांच्या दुकानदाराची पूर्ण पान जाहिरात होती. कोड मी बनवला, इंटरनेटवरच्या एका फुकट जागेवर. प्रूफवर तपासला, छापल्यावर तपासला, तीन फोनवर लखलखीत उघडला. वसुबारसेच्या दिवशी त्यांचा फोन आला. कोड धरला की ‘मुदत संपली, पैसे भरा’ असं इंग्रजी पान येत होतं. मी बनवला होता तो डायनॅमिक कोड आणि फुकट मुदत होती चौदा दिवसांची. अंक तर घरोघर गेले होते. मी त्यांच्या दुकानात जाऊन माफी मागितली आणि पुढच्या वर्षीची जाहिरात विनामूल्य करून दिली. त्यांनी ते मोठ्या मनाने घेतलं, पण दिवाळीची गिऱ्हाइकी काही परत आली नाही.

तेव्हापासून कोणाचाही कोड आला की मी पहिला प्रश्न विचारते, स्टॅटिक की डायनॅमिक? स्टॅटिकमध्ये तुमचा पत्ता थेट त्या घरांत लिहिलेला असतो. त्याला मुदत नसते, कागद आहे तोवर तो आहे. डायनॅमिकमध्ये आत कोड बनवणाऱ्या कंपनीचा छोटा पत्ता असतो आणि ती कंपनी तिथून तुमच्याकडे पाठवते. सोय अशी की छापल्यावरही मुक्कामाचं ठिकाण बदलता येतं, किती जणांनी धरला ते मोजता येतं. धोका असा की दार तुमचं आणि किल्ली दुसऱ्याची. वर्गणी थांबली की दार बंद.

माझा सल्ला, जाहिरातदाराने स्वतःचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःच्या नावाचा पत्ता, घ्यावं. साधारण हजार रुपयांच्या आसपास वर्षाचे लागतात. त्यावर ‘दिवाळी’ नावाचं एक पान करावं आणि त्या पत्त्याचा स्टॅटिक कोड छापावा. पान आपलं असल्याने त्यावर काय दाखवायचं ते कधीही बदलता येतं. योजना संपली की पान पुसायचं नाही, तिथे लिहायचं, ‘दिवाळीची सूट संपली, दुकान मात्र रोज उघडं आहे’, आणि खाली पत्ता, नंबर.

डोमेनचे वर्षाचे पैसे भरायला मात्र विसरू नये. जर्मनीत 2015 साली एका प्रसिद्ध टोमॅटो केचपच्या बाटलीवरचा कोड एका गिऱ्हाइकाने धरला तर समोर अश्लील संकेतस्थळ उघडलं. कोड ज्या स्पर्धेसाठी होता ती संपल्यावर कंपनीने डोमेन सोडून दिलं होतं आणि ते भलत्याने उचललं होतं. बाटल्या मात्र लोकांच्या घरात तशाच होत्या. केचप संपतं तरी. दिवाळी अंक संपत नाही. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपण ही परंपरा जपतोय, आणि अंक वाचनालयातून हातोहात फिरतो, बाइंडिंग करून ठेवला जातो, मे महिन्याच्या सुट्टीत कुणीतरी आजोळी गेल्यावर तो काढून वाचतं. त्यावर छापलेला कोड निदान पुढच्या दिवाळीपर्यंत जगला पाहिजे.

तुम्ही संपादक म्हणून दोन गोष्टी करा. जाहिरातीच्या ऑर्डर फॉर्मवर एक ओळ घाला, ‘कोड पुढील दिवाळीपर्यंत चालू ठेवण्याची जबाबदारी जाहिरातदाराची, न ठेवल्यास पुढील वर्षी कोड छापला जाणार नाही.’ आणि प्रिंट ऑर्डर देण्याआधी एका माणसाला फक्त कोड तपासायला बसवा, अंतिम प्रूफवर, एकेक करून, वहीत टिपून. मुद्रितशोधक अनुस्वार तपासतो तितक्याच बारकाईने. कोडातलं अक्षर चुकलं तर ते डोळ्याला दिसत नाही, म्हणून तो फोनने वाचूनच घ्यावा लागतो.

पेपरात घालून आलेल्या एका पत्रकावर ‘कोड स्कॅन करा, पाचशे रुपये कॅशबॅक मिळवा’ असं होतं. मिस्टरांनी स्कॅन केलं, त्याने यूपीआय पिन मागितला. मी वेळेत फोन काढून घेतला. यांचं म्हणणं, कागदावर छापलंय म्हणजे खरं असणार. — पुणे

तुम्ही फोन काढून घेतला ते फार बरं केलं. हे एक वाक्य घरात सगळ्यांना पाठ करून ठेवा: पैसे मिळण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून गेले.

नुसता कोड धरल्याने पैसे जात नाहीत, एवढी भीती बाळगू नका. कोड धरल्यावर बहुतेक फोन आधी पत्ता दाखवतात, तो वाचायचा. बँकेचं नाव जरा वेगळ्या अक्षरांत लिहिलं असेल, मागे-पुढे भलतंच काही चिकटलं असेल, तर पुढे जायचं नाही. कोणतंही अ‍ॅप उतरवून घ्या म्हणाला तर बंद करायचं. पैसे देण्याचा कोड असेल तर समोर आलेलं नाव दुकानदाराला मोठ्याने वाचून दाखवायचं. दुकानातल्या कोडावर दुसऱ्याचा स्टिकर चिकटवण्याचे प्रकार होतात. कडेवरून नख फिरवलं तर थर हाताला लागतो.

पैसे गेलेच तर लाजू नका, थांबू नका, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

मिस्टरांचं वाक्य मात्र मनाला लागलं. ‘कागदावर छापलंय म्हणजे खरं असणार.’ आमच्या धंद्यावर लोकांचा हा विश्वास पिढ्यांचा आहे. म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना हात जोडून सांगते, अनोळखी माणूस रोख पैसे घेऊन असं पत्रक छापायला आला तर कोड आधी स्वतः उघडून बघा, ओळखपत्राची प्रत घ्या, शंका आली तर काम सोडून द्या. त्या कागदावर आपल्या मशीनची शाई असते.

लातूरला शिकवणी वर्ग आहेत. तीन वर्तमानपत्रांत जाहिरात देतो. कोणत्या जाहिरातीने विद्यार्थी आले ते कोडावरून कळेल का? — लातूर

अर्धंच कळेल. तिन्हींना वेगवेगळी लिंक द्या, म्हणजे प्रत्येकीचा कोड वेगळा आणि मोजदाद वेगळी. पण कोड धरणारे आणि प्रवेश घेणारे एक नसतात. बाप जाहिरात वाचतो, कोड धरत नाही, रविवारी मुलाला घेऊन सरळ येऊन बसतो. म्हणून प्रवेश अर्जावरच विचारा, ‘आमच्याबद्दल कुठे वाचलं?’ ती वही आणि कोडाचा आकडा शेजारी ठेवून बघा. आणि कोड उघडल्यावर पहिल्याच पानावर नाव, मोबाइल, आईवडिलांचा मोबाइल, शाळा, गुण असं सगळं मागू नका. आधी फी, वेळ, शिक्षक, निकाल दाखवा. पान हलकं ठेवा. गावाकडे नेटवर्कची एक रेघ असते आणि तुमच्या इमारतीचा मोठा फोटो उतरेपर्यंत माणूस पान उलटतो.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय 78. साधा फोन वापरतो. पत्नीच्या दातांसाठी एका दवाखान्याची जाहिरात वर्तमानपत्रात पाहिली. कात्रण जोडत आहे. त्यात पत्ता नाही, नंबर नाही. फक्त हा चौकोन आणि ‘भेटीची वेळ ठरवण्यासाठी स्कॅन करा’. आम्ही काय करावं? मी कोडाच्या विरोधात नाही. परितेवाडीच्या डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात कोड आणले, त्यांना 2020 साली जगातला मोठा शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा आम्ही इथे पेढे वाटले होते. — रत्नागिरी

गुरुजी, नमस्कार करते.

तुम्ही डिसले गुरुजींचं नाव काढलंत आणि उत्तर त्यातच आहे. पाठ्यपुस्तकात कोड आला म्हणून धडा छापायचा कुणी थांबवला नाही. धडा पानावर पूर्ण आहे, चित्र आहे, स्वाध्याय आहे. ज्याच्या घरी स्मार्टफोन आहे त्याने कोड धरून आणखी काही ऐकावं, बघावं. ज्याच्या घरी नाही त्याचा धडा अडत नाही. जाहिरातीतही एवढंच हवं आहे. आधी माणसाला कळेल असा मजकूर, पत्ता, नंबर, आणि मग त्यांच्या सोबतीला कोड.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी हे रोज सांगते. बरेच जण म्हणतात, ‘ताई, आता नंबर कोण बघतं?’ मी त्यांना तुमचं पत्र दाखवणार आहे. दात दुखण्याचं वय आणि साधा फोन वापरण्याचं वय बऱ्याचदा एकच असतं, दवाखान्याने तरी हे ओळखायला हवं होतं. आणि नुसतं ‘स्कॅन करा’ म्हणणंही पुरेसं नाही. स्कॅन केल्यावर काय होणार ते लिहावं. नकाशा उघडेल, की फॉर्म भरावा लागेल, की थेट फोन लागेल? माणसाला पुढचं पाऊल माहीत असेल तरच तो ते टाकतो.

तुमचं कात्रण माझ्यासमोर आहे. कात्रीने सरळ रेषेत कापलंय, आणि समासात निळ्या शाईने ‘यात नंबर शोधून दाखवा’ असं लिहिलंय. अक्षर बघूनच कळतं की फळ्यावर आयुष्य गेलंय. मी कोड धरला, नंबर काढला आणि दवाखान्यात फोन केला. स्वागतकक्षातल्या मुलीने विचारून सांगितलं की नंबरासाठी जागा उरली नव्हती. मी पट्टी लावून मोजलं. जाहिरात आठ बाय दहा सेंटिमीटरची, कोड चार सेंटिमीटरचा आणि त्याच्याखाली आडवी पूर्ण कोरी जागा, जवळजवळ दीड सेंटिमीटर उंचीची. तिथे 14 पॉइंटच्या ठळक अक्षरात नंबर एका ओळीत बसतो आणि दुसऱ्या ओळीत पत्ताही. मी ते तसं जुळवून एक नमुना त्यांना पाठवला आहे, पैसे न घेता.

नंबर आणि पत्ता तुम्हाला वेगळ्या पोस्टकार्डावर कळवते आहे, मोठ्या अक्षरात. बाईंना मंगळवारी किंवा शुक्रवारी सकाळी घेऊन जा, त्या दिवशी गर्दी कमी असते असं ती मुलगी म्हणाली. आणि त्यांची पुढची जाहिरात पेपरात आली की तिचंही कात्रण पाठवा.